थंडीत काढलेला आकडा

आज सकाळी सात वाजता किमान तापमान साडेआठ अंश होतं. झडपांच्या पांढऱ्या पेटीचं दार उघडून मी श्वास रोखला, तोंड जरा बाजूला घेतलं आणि काचेतली काडी डोळ्यांच्या रेषेत आणून आकडा वाचला. श्वासाची ऊब लागली तरी तापमापक फसतो, म्हणून ही सवय. परभणीबाहेरच्या एका शेती संशोधन केंद्रावर मी हवामानाच्या नोंदी घेतो. सकाळी सात आणि दुपारी दोन. एकवीस वर्षं झाली.

थंडी पडली की गावातली माणसं मला एकदम ओळखायला लागतात. दूधवाला गाडी थांबवून विचारतो, "आज किती?" मी साडेआठ म्हणतो. "बस? मला वाटलं पाचावर आला असंल." आकडा ऐकून दरवर्षी माणसं थोडी नाराज होतात, कारण त्यांच्या अंगाला लागलेली थंडी त्याहून मोठी असते. मी सांगायचा प्रयत्न करतो की पेटीतला आकडा सावलीतला असतो, जमिनीपासून छातीच्या उंचीवरचा, वाऱ्यापासून जपलेला. पेटीबाहेर, उघड्या हरभऱ्याच्या रानात, जमिनीलगत मोजलं तर तो दोन-तीन अंशांनी कमी भरेल. दोन्ही आकडे खरेच. फक्त कुठला कुठे मोजला हे शेजारी लिहिलेलं असावं लागतं. एवढं ऐकायला दूधवाल्याला वेळ नसतो.

मला मात्र हे कळायला हवं होतं. कळत होतंही. तरी सहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी ते विसरलो. त्या हिवाळ्याबद्दल आज लिहायला बसण्याचं कारण ही थंडी आहे, आणि गेल्या रविवारी सेलूहून वहिनी आल्या होत्या, हेही आहे. त्याकडे मी सावकाश येतो.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळेच भाऊ म्हणायचो, सेलूच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांमध्ये त्यांची एकतीस वर्षं गेली. दिवाळी झाली की ते मिलमध्ये शिरायचे आणि होळीला बाहेर यायचे. मधल्या काळात घरी दिसले तर मुंडाशात, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर रुईचा बारीक कापूस. त्या वर्षी दसऱ्याच्या आठवड्यात त्यांच्या छातीत दुखलं. परभणीला आणलं. जीव वाचला, पण हृदयाचं पंपिंग पस्तीस टक्के राहिलं, असं डॉक्टर म्हणाले.

"पस्तीस म्हंजे पास हाय की," भाऊ खाटेवरून म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. दोन-अडीच महिने काम पूर्ण बंद, रोज थोडं चालणं, मग बघू, असं त्यांनी सांगितलं. म्हणून दिवाळीनंतर भाऊ आणि वहिनी आमच्याकडे परभणीला राहायला आले.

भाऊंना रिकामं बसणं माहीत नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी मिक्सर उघडला, इस्त्री उघडली, पंख्याचे रेग्युलेटर उघडले, शिलाई मशीन तेल घालून इतकं हलकं केलं की माझी बायको मीना म्हणाली, "भाऊ, आता घरात बिघडायला काही उरलं नाही. शेजारून मागवू का?" दुसऱ्या आठवड्यात मिलमधून फोन येऊ लागले. नवा माणूस ठेवला होता, पण दोन नंबरच्या जिनचा आवाज त्याला कळत नव्हता. भाऊ फोन कानाला लावून त्या माणसाला यंत्राशेजारी उभं राहायला लावायचे आणि परभणीत बसून दोन नंबरची जिन ऐकायचे. फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा असा व्हायचा की मी समोरून उठून जायचो.

त्यांना खुर्चीत बसवून ठेवील असं काहीतरी हवं होतं. म्हणून मी माळ्यावरून जुना संगणक काढला.

तेव्हाच तो बारा-तेरा वर्षांचा होता. विकत घेतला तेव्हा चांगला समजला जायचा. आत दोन गाभ्यांचा प्रोसेसर, वेग अठराशे मेगाहर्ट्झ. तो वेग कुठून येतो हे मी भाऊंना वहीत मांडून दाखवलं. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामध्ये एक वाट असते, तिला फ्रंट साइड बस म्हणतात. त्या वाटेचा ठोका दोनशे. प्रोसेसर त्या ठोक्याची नऊपट धावतो. दोनशे गुणिले नऊ, अठराशे. नऊच्या वर जाता येत नाही, ते कारखान्यातच बंद केलेलं असतं. पण मधल्या वाटेचा ठोका वाढवला तर सगळंच वाढतं. तो कुठवर वाढवता येतो, हे आम्ही दोघं शोधणार होतो.

"म्हंजे आत हिशोब करणारा एक हाय, सामान ठेवणारा दुसरा हाय, आन् मधी वाट हाय," भाऊ म्हणाले.

"हो."

"आन् दोनशे म्हंजे मिनिटाला दोनशे?"

"नाही भाऊ. सेकंदाला वीस कोटी."

भाऊंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "दिगू, जरा बरं सांग. वीस कोटी मोजायला बसलं होतं कोण?"

पण त्यांच्या डोळ्यांत ओळख उमटली होती. मोटार, शाफ्ट, पट्टा, जिन. एकाने फिरायचं, दुसऱ्याने पोचवायचं, तिसऱ्याने सरकी काढायची. त्यांना नवीन काहीच वाटलं नसावं.

माझी कामावरून सुटका संध्याकाळी पाचला. सहा ते आठ आम्ही दोघं त्या उघड्या डब्यासमोर. इंटरनेटवरच्या जुन्या चर्चा-मंचांवर लोकांनी लिहून ठेवलेलं मी मोबाइलवर वाचायचो आणि भाऊंना सांगायचो. त्यातला एक नियम त्यांना इतका आवडला की मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. "बघ, कंपुटरवाल्यांनाबी कळतं," भाऊ म्हणाले. "आमच्या नव्या पोरांना न्हाई कळत. पट्टाबी बदलत्यात, बेअरिंगबी बदलत्यात, आन् मग म्हणत्यात चालू झालं. कशानं झालं रे बाबा?"

आम्ही ठोका पाच-पाचने वाढवत गेलो. दोनशे पाच, दोनशे दहा. प्रत्येक पायरीवर दहा मिनिटं मेमरीची चाचणी, मग नोंद. त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. संगणकाच्या आत तापलेली जुनी धूळ, अंगणात मीना आणि वहिनी भाजत असलेल्या हुरड्याचा गोड धूर, आणि दोन्हींच्या मधून येणारी कोरडी, धारदार हवा. डब्याला गार वारा मिळावा म्हणून आम्ही खिडकी उघडी ठेवायचो. वहिनी ताटलीत हुरडा घेऊन आल्या की दारातच थबकायच्या.

"हार्टच्या माणसाला गार वाऱ्यात बसवायलेत आन् डबड्याला हवा द्यायलेत. शिकलेली माणसं हायत म्हणे!"

मग मी उठून भाऊंच्या खांद्यावर घोंगडी टाकायचो. खिडकी मात्र उघडीच.

दोनशे सत्तरला पडदा काळा झाला. पंखे फिरत होते, दिवा लागला होता, पण एरवी सुरू होताना येणारी शिट्टी आली नाही. भाऊ खुर्चीतून अर्धे उठले.

"मेलं का?"

"नाही. आतला छोटा सेल काढायचा, दहा मिनिटं थांबायचं, परत लावायचा. सगळं विसरून मूळच्या आकड्यावर येतं."

"बरंय त्याचं," भाऊ म्हणाले आणि परत बसले.

ती दहा मिनिटं पुढे आमची फार वेळा आली. सेल टेबलावर काढून ठेवलेला, घड्याळाकडे लक्ष, करायला काहीच नाही. अशा वेळी भाऊ बोलायचे. आम्ही मूळचे येलदरीकडचे. लहानपणी धरणाखालच्या वीजघराच्या फाटकापाशी ते तासन्‌तास उभे राहायचे, आतली यंत्रं दिसायची नाहीत, फक्त पायाखालची जमीन थरथरायची. ते म्हणाले, त्या थरथरीनेच त्यांना शाळेतून उठवलं. मला हे ठाऊक नव्हतं. घरात पैसा नव्हता म्हणून भाऊंनी शाळा सोडली आणि त्यामुळे मी शिकलो, अशी माझी समजूत होती, आणि तिचं ओझं मी चाळीस वर्षं वाहत होतो. मी तसं म्हणालो. भाऊंनी मान हलवली. "तेबी खरं हाय. पण मला मशिनी पायजे होत्या, दिगू. तुला उगंच वाटतं मी दिलं म्हणून."

दोनशे सत्तरची भिंत आठ दिवस हलली नाही. आता शोधायचं होतं की अडतं कोण. मी पट नऊवरून सहावर आणली. दोनशे सत्तर गुणिले सहा, सोळाशे वीस. म्हणजे प्रोसेसर मूळ वेगापेक्षाही हळू चालला होता, त्याची तक्रार असण्याचं कारण नव्हतं. मेमरीचं त्या ठोक्याशी प्रमाण एकास एक केलं. तिची ताकद तीनशे तेहतीसपर्यंत, तिला आता दोनशे सत्तरच पेलायचं होतं. तरी पडदा काळाच.

"आता दोघंबी आपापल्या हद्दीत हायत?" भाऊंनी विचारलं.

"हो."

"तरी चालंना."

"नाही."

"मग मधला थकलाय. त्याला कुणी इचारलंच न्हाई."

मदरबोर्डवर मधोमध, पन्हाळी पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याखाली ती चिप होती, जिच्यातून ही सारी वाहतूक जाते. भाऊंनी संगणक दोनशे पासष्टवर चालू ठेवायला सांगितला आणि त्या तुकड्यावर तर्जनी टेकवली. मग मोठ्याने मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. चारला बोट काढलं. बेअरिंगवर दहा मोजेपर्यंत बोट टिकलं तर बेअरिंग ठीक, ही त्यांच्या मिलमधली रीत होती. "चार म्हंजे कामाचं न्हाई. ह्याच्या खालचं वंगण वाळलंय बघ."

वंगण नव्हतं, उष्णता वाहून नेणारी पेस्ट होती. पण वाळलेली होती हे खरं. तुकडा उचलला तेव्हा खाली राखाडी पापुद्रे निघाले, जुन्या भिंतीच्या पोपड्यांसारखे. भाऊंनी ते स्पिरिटच्या बोळ्याने पुसले, नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी ठेवली, तुकडा बसवला आणि एका बंद पडलेल्या डब्यातला लहान पंखा तारेने त्यावर बांधला. गाठ इतकी नेटकी की मी तिचा फोटो काढला. पुन्हा बोट. या वेळी नऊपर्यंत टिकलं. मी त्या चिपचं व्होल्टेज एक पायरी वाढवलं.

एका रविवारी सकाळी आम्ही दोनशे पंच्याऐंशीवर पोचलो. पट परत नऊ. दोन हजार पाचशे पासष्ट. मूळच्या वेगाहून साडेबेचाळीस टक्के जास्त. खोलीत सतरा अंश होते. एक तास चाचणी चालली आणि एकही चूक आली नाही. दोनशे नव्वदला चूक आली, म्हणून आम्ही मागे येऊन थांबलो. मी दोनशे पंच्याऐंशीभोवती गोल केला. भाऊंनी वही स्वतःकडे ओढून तो गोल जरा वेळ पाहिला. कुणाला यंत्रावर प्रेम करताना पाहणं ही एक संकोचाची गोष्ट आहे. मी अंगणात जाऊन हुरडा खाल्ला.

त्याच वहीत उजव्या पानावर दुसऱ्या नोंदी होत्या. रोज सकाळी साडेसातला मी केंद्रावरून परत यायचो. पावणेआठला भाऊ आणि वहिनी फिरायला निघायचे, कॉलनीच्या टोकाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. परत आले की मी लगेच त्यांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घ्यायचो, नाडी घ्यायचो, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघायचो. रकाने मीच आखले होते: तारीख, निघाले, आले, वरचा, खालचा, नाडी, ऑक्सिजन. टाकीपर्यंतचं अंतर मी स्वतः टेप लावून मोजलं होतं. जाऊन-येऊन सहाशे वीस मीटर.

पहिल्या दिवसांत नाडी शंभराच्या आसपास यायची. मग नव्वद झाली. मग चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर. चालून आल्यावर अठ्ठ्याहत्तर. माझा आनंद माझ्या हस्ताक्षरात दिसतो, त्या पानांवर आकडे मोठे होत गेले आहेत. वहिनींना मी दोन-तीनदा विचारलं, "वाटेत दम लागत नाही ना?" त्या चप्पल काढता काढता म्हणायच्या, "न्हाई, कुठं काय."

संक्रांतीच्या आधी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं, कागद पाहिले, मग माझी वही पाहिली. अशी वही कुणी आणत नाही, असं म्हणाले. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. मग त्यांनी विचारलं, "हे आकडे चालून आल्याबरोबरचे आहेत का?"

"हो. दारातून आत आले की लगेच."

"मग चांगलं आहे. हलकं काम करायला हरकत नाही. तुम्ही घरचे जवळून बघताय, तुम्हीच ठरवा."

दुसऱ्या दिवशी मी कामावर निघालो तेव्हा भाऊ फाटकापाशी उभे होते, घोंगडी न घेता.

"दिगू, डॉक्टरचं ऐकलं मी. तुझी वही काय म्हणती?"

"आकडे चांगले आहेत."

"मग जाऊ का मी?"

मी तेव्हा खूप विचार केला असं आज सांगणं खोटं होईल. मला भाऊंचा तो जिन ऐकून फोन ठेवल्यावरचा चेहरा नको होता. आणि माझ्याकडे एक्केचाळीस दिवसांच्या नोंदी होत्या. मी म्हणालो, "जा. पण जड काही उचलू नका."

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी ते सेलूला गेले.

फेब्रुवारीत मी एकदा मिलमध्ये जाऊन आलो. सकाळची गाडी, मानवतपर्यंत धुकं, पुढे दोन्ही बाजूंना कपाशीच्या पराट्या उपटलेली काळी रानं. मिलच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग होती आणि हवेत रुई अशी तरंगत होती की ऊनसुद्धा मऊ वाटत होतं. भाऊ दोन नंबरच्या जिनपाशी उभे होते. लांब पेचकसाचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलेलं, मूठ कानाला लावलेली, डोळे मिटलेले. मी हाक मारली नाही. एवढ्या गोंगाटात ऐकूही गेली नसती. डोळे उघडून मला पाहिल्यावर ते हसले आणि शेजारच्या रुईच्या गठाणीवर बसले. त्यांचा रंग मला जरा राखी वाटला. पण तिथे सगळ्यांचेच चेहरे रुईने तसे दिसत होते. रक्तदाबाचं यंत्र मी सोबत नेलं नव्हतं. नाडी हाताने मोजता आली असती. इतक्या माणसांसमोर त्यांचा हात धरायला मला अवघड वाटलं.

त्यांनी हंगाम पुरा केला. मार्चच्या अखेरीस तपासणीसाठी परभणीला आले तेव्हा फार थकलेले होते, पण समाधानाने भरलेले दिसत होते. दुपारी मी हौसेने तो संगणक लावला. खोलीत छत्तीस अंश. चार मिनिटांत पडद्यावरची चित्रं जागच्या जागी गोठली. बाणसुद्धा हलेना. मी बंद करून पुन्हा लावला. या वेळी तीन मिनिटं.

भाऊ खाटेवरून पाहत होते. "थंडीत काढलेला आकडा हाय तो, दिगू. उन्हाळ्यात परत काढावा लागंल."

"काढू," मी म्हणालो. "तुम्ही जरा आराम करा, मग बसू."

बसणं झालं नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सेलूला, घरी, दुपारच्या झोपेत भाऊ गेले. फोन आला तेव्हा मी झडपांच्या पेटीपाशी दोनची नोंद घेत होतो. त्या दिवसाचा आकडा वहीत आहे. तो मी कसा लिहिला हे मला आठवत नाही, पण लिहिलेला आहे, आणि ओळीतल्या इतर आकड्यांशी जुळतो.

मला कुणी बोल लावला नाही. डॉक्टर म्हणाले, असं हृदय घरी बसूनही थांबू शकतं, नक्की काही सांगता येत नाही. पण मी माझं उत्तर आधीच काढलं होतं. संगणकाची हद्द मी सतरा अंशांत मोजली आणि छत्तीस अंशांवर लागू केली. भावाची हद्द मी घरात, खुर्चीवर, सावलीत मोजली आणि जिनिंगच्या हंगामावर लागू केली. ज्याचं आयुष्य आकड्याशेजारी परिस्थिती लिहिण्यात गेलं त्याच्या हातून हे व्हावं. दर हिवाळ्यात, पहिल्यांदा पारा दहाच्या खाली गेला की, ते "जा" मला ऐकू येतं. फाटकाच्या थंड लोखंडाला हात लावून म्हटलेलं.

हे मी कधी कुणाला बोललो नव्हतो. गेल्या रविवारी वहिनी डोळे दाखवायला परभणीला आल्या होत्या. सकाळी त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, आणि मी समोर बसून त्यांच्या कागदांवरचे चष्म्याचे नंबर वाचत होतो. एकाएकी माझ्या तोंडून निघालं, "वहिनी, मी तेव्हा जा म्हणालो नसतो तर."

मी काय म्हणतोय हे त्यांना लगेच कळलं. सहा वर्षं त्यांनाही ते कळत असावं.

"तुमी म्हणला म्हणून गेले व्हय? ते जाणारच होते. तुमाला वाईट वाटू न्हाई म्हणून इचारलं." त्यांनी एक शेंग उलगडली, दाणे ताटलीत पाडले. "आन् तुमच्या आकड्यांचं म्हणाल तर, भावजी, ते फसवायचे तुमाला."

"म्हणजे?"

"टाकीपाशी पायऱ्या हायत न्हवं का, तिथं बसायचे. टाकीपस्तोवर जाताजाताच छाती लय उडायची त्यांची. मग बसायचं. शांत झाली की हळूच निघायचं. फाटकापाशी आलं की मला इचारायचे, तोंड कसं दिसायलंय? बरं दिसायलंय म्हणलं की मग आत."

"किती वेळ बसायचे?"

"पंधरा मिनिटं. कधी वीसबी."

हा आकडा माझ्याकडे होता. निघाले, सात पंचेचाळीस. आले, आठ बारा. सत्तावीस मिनिटं, सहाशे वीस मीटर. मिनिटाला तेवीस मीटर. भरली बैलगाडीही याहून वेगाने जाते. एक्केचाळीस दिवस मी दोन्ही वेळा स्वतःच्या हाताने लिहिल्या आणि अंतर तर टेपने मोजलेलं होतं. एक भागाकार करायचा राहिला होता. भाऊ वाटेत भेटेल त्याच्याशी बोलतात, असं मी मनाशी धरलं होतं, आणि नाडीचा आकडा मला हवा तसा खाली येत होता.

मला राग आला. भाऊंवर, स्वतःवर, आणि समोर होत्या म्हणून वहिनींवर. "मी तुम्हाला विचारलं होतं," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "दोन-तीनदा विचारलं. दम लागतो का म्हणून. तुम्ही नाही म्हणालात. एक शब्द बोलला असता तर मी जाऊ दिलं नसतं. का नाही सांगितलं?"

मीना दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली.

वहिनींचे हात थांबले. त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही. बोलल्या तेव्हा आवाज साधाच होता, चूक कबूल करणाऱ्या माणसाचा असतो तसा.

"त्यांनी शपथ घातली होती, हे एक. पण शपथ मोडता आली असती मला. तुमाला सांगायचं असं दोनदा मनात आलं. फाटकापस्तोवर तोंडात होतं. लग्नाला चौतीस वर्सं झाली होती, भावजी. हंगाम आला की ह्ये मिलमधी. हंगाम सरला की कुणाची मोटार, कुणाचं इंजन. घरी आले तरी हातात काहीतरी उघडलेलं असायचं. त्या पायरीवर हात मोकळे होते त्यांचे. पहिल्यांदा बसले माझ्याजवळ, कायबी न करता. लहानपणचं बोलायचे. मला इचारायचे, तुला काय काय आवडतं म्हणून. चौतीस वर्सांनी."

मी चष्म्याचे कागद घडी करून खाली ठेवले.

"तुमाला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुमी संगं आला असता. वही घेऊन."

ते खरं होतं. मी नक्की गेलो असतो.

"रोज बसायचात?" मी विचारलं.

"रोज. आठच्या सुमाराला ऊन यायचं तिथं. पयलं पायावर यायचं, मग वर सरकायचं. आमी काय घड्याळ बघत नव्हतो." त्यांनी पुढची शेंग उचलली. "गुडघ्यापस्तोवर आलं की उठायचो."